मंगळवारी फोन करू नका

सांगावं की नाही, असं झालंय. पण कोणीतरी तोंड उघडायला हवंच. गोथेनबर्गातल्या आपल्या मराठी मंडळींचं काहीतरी बिनसलंय. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचनंतर एकाचाही फोन लागत नाही. भिशी मंगळवारची बुधवारवर गेली, ती का, म्हणून विचारलं तर बायका एकमेकींकडे बघून हसल्या. गणपतीच्या मीटिंगला तिघं-चौघंच उगवले आणि त्यातल्या एकाच्या नडग्यांवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या. "अहो, हे काय?" म्हटलं, तर गृहस्थांनी काय म्हणावं? "काही नाही हो, हिरव्यात घुसलो होतो." हिरव्यात! चांगला शिकलासवरलेला, दोन मुलांचा बाप!

मग चौकशी केली. चौकशी करण्यात आपण कधी कमी पडलो नाही. तर कळलं ते असं, की ही सगळी माणसं दर आठवड्याला, पावसात, स्वखुशीने, वर पैसे भरून जंगलात हरवायला जातात. या प्रकाराला ओरिएंटिअरिंग म्हणतात आणि तो स्वीडनमध्ये घरोघरी आहे. शाळेत नकाशावरून वाट काढायला शिकवतातच, त्यामुळे इथलं पोरगंही दहाव्या-अकराव्या वर्षी हातात नकाशा धरून झाडीत घुसतं. आपली पोरं शाळेत हे शिकली आणि घरी येऊन त्यांनी आईबापांना बिघडवलं. साथ पसरली ती अशी.

खेळ काय, तर सुरुवातीला हातात नकाशा द्यायचा. त्यावर जांभळी वर्तुळं, क्रमाने आकडे घातलेली. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर जंगलात एक नारिंगी-पांढरं तिकोनी कापड टांगलेलं. ते शोधायचं, बोटात अडकवलेली इलेक्ट्रॉनिक कांडी तिथल्या डबीत खुपसायची, पीप वाजलं की पुढचं. क्रम चुकवायचा नाही. एक जरी राहिलं तर सगळं धावणं फुकट. मधली वाट कुठली, ते तुमचं तुम्ही ठरवायचं, आणि पायवाट असली तरी तिच्यावरून जाणाऱ्याला हे लोक भित्रा समजतात, असं माझ्या लक्षात आलंय.

आता आपण कोण? "मारुतीच्या देवळावरून डावीकडे वळा, पुढे पिठाच्या गिरणीशी कोणालाही विचारा," असे पत्ते सांगणारी माणसं. इथे पत्ता काय, तर "दगडाची ईशान्य बाजू". तोही शब्दांत नाही, चिन्हांत. ती चिन्हं जगभर एकच, म्हणजे जपानी माणसालाही तोच गोंधळ. आणि दगड कुठला म्हणावा? जंगलभर दगडच! एक मीटरहून उंच असेल तर नकाशावर त्याला काळा ठिपका मिळतो, म्हणे. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी कोळसा पाडला, ती जागासुद्धा नकाशात. नाही ते एवढंच, की आपण कुठे आहोत.

नकाशाचे रंग तर ऐकाच. जंगल पांढरं. हो, पांढरं! मोकळं रान पिवळं. आणि हिरवं म्हणजे जिथे धड चालता येत नाही असं गचपण; जितका गडद हिरवा, तितके हाल जास्त. तेव्हा "हिरव्यात घुसलो होतो" याचा अर्थ आता तुमच्या ध्यानात आला असेल. मला उगाच भलतंच वाटलं होतं.

बरं, हे मूळचं सभ्य लोकांचं काम नव्हेच. सैन्यातलं. १८८६ साली स्टॉकहोमच्या कार्लबर्ग लष्करी अकादमीत अनोळखी मुलूख नकाशा आणि होकायंत्रावर पार करण्याला ओरिएंटिअरिंग हे नाव पडलं. साध्या नागरिकांना त्यात ओढलं ते नॉर्वेकरांनी; ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी ओस्लोजवळ त्यालव्हे नावाच्या क्लबाने पहिली खुली शर्यत घेतली. तेव्हाच कोणी आवरलं असतं तर बरं होतं. पण खरा घात केला तो मेजर एर्न्स्ट किलँडर यांनी. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि स्टॉकहोमची तरुण पोरं मैदानावर गोल-गोल धावायला कंटाळलेली. मेजरांच्या हाताशी जंगल होतं, ते फुकटही होतं. २५ मार्च १९१९ रोजी त्यांनी स्टॉकहोमजवळ नाक्का इथे दोनशेहून अधिक जणांना रानात सोडलं. मार्च महिना, स्वीडन, म्हणजे बर्फ अजून पुरता वितळलेला नसणार, याचा विचार करा. तरी त्या माणसाला हे लोक या खेळाचा जनक म्हणून मानतात.

मग आले व्यापारी. ब्यॉर्न आणि आल्वार शेलस्ट्रॉम हे भाऊ, दोघेही या खेळातले पट्टीचे, आणि त्यांच्या जोडीला गुन्नार टिलांडर. १९३०च्या दशकात या मंडळींनी होकायंत्र आणि कोनमापक एका पारदर्शक पट्टीवर बसवले आणि सिल्वा नावाने विकायला काढले. आधी छंद, मग दुकान! ब्यॉर्न तर १९४६ साली अमेरिकेत गेला आणि त्याने तिथल्या भोळ्या लोकांनाही हे व्यसन लावलं. १९६१ साली दहा देशांनी मिळून कोपनहेगनमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ काढला, १९६६ साली फिनलंडमधल्या फिस्कार्सला पहिली जागतिक स्पर्धा झाली. झालं, राजमान्यता मिळाली.

ऑलिम्पिकमध्ये मात्र जंगलात धावायच्या या प्रकाराला अजून जागा नाही, आणि त्याचं कारण माझ्या मते सरळ आहे. हा खेळ दिसत नाही. बघणारा मैदानात उभा, खेळणारा तीन किलोमीटर आत झाडीत. कोण पडला, कोण रडला, कोणी झाडाला शिव्या दिल्या, कोण जांभळासारखी निळी बोरं खात बसला, कोणालाच कळत नाही. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर पन्नास हजार लोक बघतात. इथे माणूस वीस मिनिटं चुकीच्या टेकडीभोवती प्रदक्षिणा घालतो आणि साक्षीला फक्त एक एल्क हरीण.

म्हणून तर यांच्या गप्पा! शर्यत संपली, की अंगावरचा चिखलही न पुसता सगळे नकाशा उलगडून उभे. "चारवरून पाचला तू कसा गेलास?" "मी दलदल उजवीकडे ठेवली." "वेडा आहेस का, डावीकडून कडा होता ना!" लग्नात जेवून आल्यावर आपण मठ्ठ्यापासून जिलबीपर्यंत जशी एकेका पदार्थाची चिरफाड करतो, तशीच, तितक्याच जोमाने आणि तितकाच वेळ. दुधाचे दात पडलेली पोर आणि सत्तरीचा सुतार एकाच नकाशावर बोट ठेवून भांडताना मी पाहिलेत. पोर बरोबर होती, हे सुताराने मान्यही केलं. आपल्याकडे असं झालं असतं का? मोठ्या माणसाचा रस्ता चुकत नसतो, रस्त्याचं वळण चुकतं.

पूर्वी या गप्पांत थोडं खोटं खपत होतं. आता तेही राहिलं नाही, आणि संसार मोडायची वेळ आलीय ती इथेच. विनस्प्लिट्स नावाच्या तक्त्यावर प्रत्येक खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत कोणाला किती वेळ लागला, ते सेकंदांसह जगजाहीर असतं. त्याहून वाईट लाइव्हलॉक्स. घड्याळातली वाटेची नोंद तिथे चढवली, की नकाशावर सगळ्यांचे ठिपके एकदम सुटल्यासारखे धावताना दिसतात. परवा एका गृहस्थाने घरी सांगितलं, गुडघा दुखत होता म्हणून वेळ लागला. बायकोने रात्री मुलांना निजवून त्यांचा ठिपका लावला. ठिपका एका डबक्याभोवती गेला, थांबला, परत फिरला, पुन्हा त्याच डबक्याभोवती गेला. गुडघ्याचं काही नव्हतं. तिने ते चित्र ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले, गृहस्थांनी स्वतःही. लाज म्हणून काही उरलीच नाही!

आणि नवरा-बायको दोघंही धावणारे असले तर? त्याचीही सोय केलीय या लोकांनी. ज्या घरात लहान मूल आहे, तिथे आईची सुरुवात लवकर, बापाची उशिरा. बायको दलदलीतून गुडघाभर काळी होऊन येते, मूल नवऱ्याच्या कडेवरून आपल्या कडेवर घेते, आणि तो धावत सुटतो. त्या दोन मिनिटांत दूध कुठे आहे आणि नववी खूण कुठे फसवते, एवढंच बोलणं होतं. मूल जरा मोठं झालं, की त्यालाही रानात सोडतात, पण सुरुवातीला झाडांना दोरी किंवा फिती बांधून. फितीच्या मागे मागे गेलं की वाटेत चित्रं सापडतात, शेवटी बक्षीस. संस्कार म्हणतात ते हेच असावेत.

कपड्यांविषयी मी फार बोलणार नाही. रंगीबेरंगी नायलॉनचे पायजमे, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काट्यांना अडवायच्या पट्ट्या, बुटांना तळाशी लोखंडी खिळे. बूट नवे होते तेव्हा एका घरी लाकडी जमिनीवर भोकं पडली, घर भाड्याचं होतं. पण पाय झाकायचा नियम कसा आला, ते ऐकण्यासारखं आहे. १९५७ ते १९६३ या काळात स्वीडनमधल्या या धावणाऱ्यांत कावीळ पसरली. शेकडो लोकांना झाली! डॉक्टर चक्रावले. मग उलगडा झाला, की काट्यांनी ओरबाडलेले पाय घेऊन ही माणसं शर्यतीनंतर एकाच टबातल्या गरम पाण्यात धुवायला बसत होती. एकाचं रक्त दुसऱ्याच्या जखमेत. त्यानंतर अंग झाकणारे कपडे सक्तीचे झाले. आपल्या आजीने एका वाक्यात सांगितलं असतं, की दुसऱ्याच्या पाण्यात पाय घालू नये. पण यांना सहा वर्षं लागली.

आंघोळ अजूनही उघड्यावरच होते म्हणा. ताडपत्रीचा आडोसा, आत पंपाने आणलेलं पाणी, आणि सगळ्या वयाच्या बायका आपापल्या साबणासह निवांत. आपल्याकडच्या एक ताई पहिल्यांदा टॉवेल गुंडाळून तशाच उभ्या राहिल्या. शेजारच्या ऐंशीच्या आजीबाईंनी त्यांना शॅम्पू देऊ केला आणि तेराव्या खुणेबद्दल विचारलं. पुढचं मी सांगणार नाही. घरी आल्यावर आणखी एक विधी असतो, दिव्याखाली बसून एकमेकांच्या अंगावरची गोचिडं शोधायचा. इथल्या गोचिडीने मेंदूचा ताप येऊ शकतो, त्याची लसही हे लोक घेतात. संसारात जवळीक हवी म्हणतात, पण इतकी?

तुम्ही म्हणाल, चार वेडे असतील. चार! जुलैमध्ये ओ-रिंगेन नावाचा पाच दिवसांचा सोहळा असतो, १९६५ पासून, दर वेळी नवं गाव. पहिल्या वर्षी दीडशेच्या आसपास लोक होते. १९८५ साली फालूनला पंचवीस हजारांवर आले! शेतात तंबूंचं गाव वसतं, गल्ल्या पडतात, दुकानं लागतात, दालचिनीचे बन आणि सॉसेजसाठी रांगा लागतात. दहा वर्षांखालच्या मुलांचा गट, तसा नव्वदीच्या आजी-आजोबांचाही. त्या वयात आपल्याकडे माणसाला जिना चढू देत नाहीत. इथे त्यांना होकायंत्र देऊन ढकलतात आणि परत आल्यावर विचारतात, "सहाव्याला एवढा वेळ का लागला?" शेवटच्या दिवशी चार दिवसांच्या बेरजेत जो पुढे, तो आधी सुटतो आणि बाकीचे त्याच्या मागे लागतात, म्हणजे जो आधी पोचेल तोच जिंकला. लोकांचा उन्हाळा असा जातो. समुद्रकिनारा सोडून!

फिनलंडची गोष्ट तर माझ्या डोक्यातच बसत नाही. अलेक्सिस किवीची १८७० सालची तिथली प्रसिद्ध कादंबरी आहे सात भावांची. वाचायला शिकायचं जिवावर आलं, म्हणून हे सातही भाऊ घरदार सोडून जंगलात पळून गेले. आता फिनलंडच्या लोकांनी काय करावं? नकाशा वाचण्याच्या आपल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीला त्या अक्षरशत्रू भावांच्या घराचं नाव दिलं, युकोला! १९४९ साली सुरू झाली, आता जूनमध्ये होते. सात भाऊ म्हणून सात जणांचा संघ, एकामागून एक धावायचं. सुटायची वेळ रात्री अकरा. हजाराहून जास्त माणसं कपाळावर दिवे बांधून एकदम जंगलात, आणि शेवटचे संघ दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत येत राहतात. शेजारच्या ज्या वेन्लावर भावांचा डोळा होता, तिच्या नावाने बायकांची वेगळी शर्यत, १९७८ पासून, चार जणींची. भावांना जिने झुलवलं, तिचा मान ठेवला, एवढं मात्र बरं केलं.

या रात्रीच्या शर्यतीत दुसऱ्याच्या दिव्यामागे गुपचूप धावायची युक्ती सगळ्यांना सुचते. ती मोडायला आखणाऱ्यांनी उपाय काढलाय: एकाच टप्प्यावर वेगवेगळ्या संघांच्या खुणा थोड्या थोड्या वेगळ्या ठेवतात. तुम्ही पुढच्याच्या मागे डोळे मिटून गेलात, आणि त्याची खूण या दगडाशी, तुमची पलीकडच्या ओढ्याशी! मग रात्री दोन वाजता अनोळखी रानात तुम्ही आणि तुमचा प्रामाणिकपणा. हे ऐकून मला पहिल्यांदा या खेळाबद्दल किंचित आदर वाटला, पण तो मी कोणाला दाखवला नाही.

जंगलाविषयी यांचं सोवळं तर विचारू नका. एखाद्या भागात मोठी स्पर्धा ठरली, की भाग घेणाऱ्यांनी तिथे पाऊल टाकायचं नाही. युकोलासारख्या शर्यतीसाठी ही बंदी कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. स्वीडनमध्ये कोणाच्याही रानात हिंडायचा सगळ्यांना हक्क आहे, तो संविधानातसुद्धा लिहिलाय. पण हक्क वेगळा आणि शर्यत वेगळी. मागच्या शरद ऋतूत आपल्यातल्या एका घराने पाहुण्यांना पिवळी चँटरेल अळंबी घालून पुलाव केला. ताटं वाढेपर्यंत सगळं ठीक होतं. मग कोणीतरी विचारलं, "कुठल्या रानातली हो?" आणि यजमानीण बाई अशा काही गप्प झाल्या, की पुलावाचं कौतुक बाजूला राहिलं. अजून कोणाला ठामपणे माहीत नाही. मला संशय आहे.

यांच्यात सगळेच असे नाहीत हं. ज्यांना धावायचं नाही, त्यांच्यासाठी सौम्य मात्रेचं व्यसनही आहे. स्वीडनमध्ये हित्ता-ऊत, नॉर्वेत स्टोल्पेयाक्तेन. क्लबवाले गावाचा नकाशा फुकट वाटतात, गल्लीबोळांत, बागांत, टेकड्यांवर खुणांचे खांब रोवतात, आणि सापडला खांब की फोनवर टिपायचा. वेळेचं बंधन नाही, कुत्रा न्या, पाळण्यातलं मूल न्या. सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या एका सासूबाई यात सापडल्या. आधी म्हणत होत्या, इथे करमत नाही, बोलायला माणूस नाही. मग नातवाने नकाशा हातात दिला. आता पातळ खोचून, पायात पांढरे बूट घालून सकाळी निघतात, आणि मुलगा बारा वर्षं राहतोय त्याला माहीत नसलेल्या वाटा त्यांना माहीत आहेत. कारखान्यामागच्या ओढ्यावरचा पूल, शाळेमागची टेकडी, सगळं. सुनेने विचारलं, "आई, परतीचं तिकीट पुढे ढकलायचं का?" तर म्हणाल्या, "अजून उत्तरेकडचे खांब राहिलेत." व्हिसावाल्यांना हे कारण चालेल का, कोणी बघा.

एक गोष्ट मात्र मी टीका न करता सांगते, कारण टीका सुचली नाही. २००९ साली हंगेरीत मिश्कोल्त्सला जागतिक स्पर्धेची रिले चालू होती. शेवटच्या टप्प्यात फ्रान्सचा तिएरी गेओर्गियू पुढच्यांत होता, पदक समोर दिसत होतं. तेवढ्यात स्वीडनच्या मार्टिन योहान्सनच्या मांडीत फांदीचा तुकडा घुसला. दहा-बारा सेंटिमीटर, आत! गेओर्गियू थांबला. नॉर्वेचा अँडर्स नूर्दबेर्ग आणि चेक संघाचा मिखाल स्मोला आले, तेही थांबले. सोनं स्वित्झर्लंडला गेलं. कुठेतरी आत, झाडीत, जिथे बघायला कोणी नव्हतं. थांबले नसते तर कोणाला कळलंही नसतं, असं मी म्हटलं, तर आपल्या मंडळातला चिकटपट्टीवाला म्हणाला, "अहो, जीपीएसवर दिसतं ना." या लोकांशी बोलण्यात अर्थ नाही.

तर ताजी बातमी, पण ही माझ्याकडून कळली असं सांगू नका. आपल्या चार बायका येत्या जूनमध्ये वेन्लाच्या शर्यतीला फिनलंडला निघाल्यात. म्हणजे तीन ठरल्यात. एक त्या शॅम्पूवाल्या ताई, एक लाइव्हलॉक्सवर नवऱ्याला पकडणारी, आणि तिसरी ती अळंबीवाली. तिला घ्यायचं की नाही यावर बरीच चर्चा झाली, शेवटी जंगल फिनलंडचं असल्यामुळे मंजुरी मिळाली. संघाचं नाव ठरलेलं नाही, कारण नावावरून दोन बुधवार भांडण चाललंय. चौथीचा शोध चालू आहे. वयाची अट नाही, वेगाची नाही, बूट आणि गोचिडीचा चिमटा संघातर्फे मिळेल. अट एकच: रानात वाट चुकली तर नवऱ्याला फोन करायचा नाही.